मुलाच्या कलाने : ठाणे जिल्ह्यातील बालशिक्षणाची वाटचाल

मुलाला त्याच्या कलाने वाढू द्यावे, त्याने काय आणि केव्हा शिकायचे हे त्याच्या कुतूहलावरून ठरावे आणि मोठ्यांनी योग्य साधने हाताशी ठेवून लक्षपूर्वक बाजूला बसावे, या विचाराला बालकेंद्री शिक्षण म्हणतात. आज हा विचार मुख्यतः मुलांना शाळेत न घालता घरीच वाढवणाऱ्या सुशिक्षित पालकांशी जोडला जातो आणि त्याची मुळे परदेशी पुस्तकांत शोधली जातात. महाराष्ट्रात मात्र त्याचा सर्वांत कसोटीचा प्रयोग जुन्या ठाणे जिल्ह्यात झाला, आणि तो पोटासाठी दिवसभर राबणाऱ्या आईबापांच्या मुलांमध्ये झाला. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे, तो रुजला. त्याच काळात जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूला अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर हा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ही दोन्ही टोके एकाच जिल्ह्यात होती. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या (एमआयडीसी) आसपासच्या कामगार वस्त्यांत आज भरणारी अंगणवाडी ही कोसबाडच्या कामाचीच पुढची पायरी आहे.

घरचे शिक्षण आणि पंतोजींची शाळा

इंग्रजी अमदानीतल्या सरकारी शाळा येण्याआधी मूल बरेचसे घरीच शिकत असे. शेतकऱ्याचे मूल शेतात, कुंभाराचे चाकापाशी, विणकराचे मागापाशी शिके. मुली आईच्या पाठीपाठी फिरत घरकाम शिकत. जात्यावरच्या ओव्या, कहाण्या आणि बडबडगीते यांतून भाषा कानावर पडे. भातुकली, सागरगोटे, विटीदांडू यांत मोजणे, नेम धरणे, वाटून घेणे हे सारे आपोआप होई. अक्षरओळख हवी असलेल्या मोजक्या घरांतील मुले पंतोजींच्या शाळेत जात. तिथे धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवायची, पाढे मोठ्याने घोकायचे आणि पुढे मोडी वळवायची, असा क्रम असे. या शाळांना इयत्ता नव्हत्या, प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे सरके, ही जमेची बाजू होती. पण शिस्त छडीची होती आणि काय शिकायचे यात मुलाच्या इच्छेला थारा नव्हता.

घरी शिकणे आणि मुलाच्या कलाने शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याच भागातील एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसते. पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांचा जन्म 1865 मध्ये कल्याणला झाला. नवव्या वर्षी लग्न झाल्यावर पती गोपाळराव यांनी त्यांना घरीच शिकवले. मुलीने शिकणे हेच अधर्म मानणाऱ्या समाजात हे मोठे धाडस होते, आणि त्याचे फळ म्हणून 1886 मध्ये आनंदीबाईंनी फिलाडेल्फियातून वैद्यकीय पदवी मिळवली. पण ते शिक्षण मायेचे नव्हते. अभ्यासावरून त्यांना धाक आणि मार दोन्ही सोसावे लागले. शिक्षण घरात आले म्हणून ते मुलाचे होत नाही. त्यासाठी मोठ्यांची मुलाकडे पाहण्याची दृष्टीच बदलावी लागते. तो बदल विसाव्या शतकाच्या आरंभी घडू लागला.

रोम, भावनगर, दादर

डॉ. मारिया माँटेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली लहान मुले नव्या चाळींचे जिने आणि भिंती खराब करतात, ही इमारतींच्या मालकांची अडचण होती. या मुलांना एका खोलीत सांभाळण्याचे काम माँटेसरींकडे आले. त्यांनी मुलांना शिकवण्याऐवजी त्यांचे निरीक्षण केले. लहान-मोठे दट्टे खाचांत बसवण्यासारख्या साध्या कामात तीन वर्षांचे मूल कमालीचे रमते, तेच काम पुन्हा पुन्हा करते आणि चूक झाली तर स्वतःच दुरुस्त करते, हे त्यांना दिसले. त्यावरून त्यांनी शिक्षणाची संपूर्ण पद्धत बांधली. मुलाच्या उंचीचे फर्निचर, हाताळण्याची साधने, कामाची निवड मुलाची आणि बक्षीस-शिक्षेला फाटा, ही तिची अंगे होत.

भारतात हा विचार एका बापाच्या काळजीतून आला. गिजुभाई बधेका हे वकील होते. 1913 मध्ये मुलगा झाल्यावर त्याला आपल्या वाट्याला आली तशी मारझोडीची शाळा नको, म्हणून ते दुसऱ्या वाटेचा शोध घेऊ लागले आणि माँटेसरींच्या लिखाणापर्यंत पोहोचले. पुढे वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि 1920 मध्ये तिथे त्यांनी बालमंदिर काढले. माँटेसरींची साधने त्यांनी घेतली, पण गोष्टी, गाणी, नाटुकली आणि निसर्गातील भटकंती यांना त्यांच्याकडे अधिक मोठे स्थान होते.

या बालमंदिरात 1923 मध्ये ताराबाई मोडक आल्या. 1892 मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या आणि राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. मोठ्या शिक्षिका घडवणारी ही बाई बालमंदिरात मुलांसोबत जमिनीवर बसून काम शिकली. 1926 मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. संघाचे ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक गुजरातीप्रमाणे मराठीतही निघे आणि मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाई करत. मुलाला का मारू नये, हट्टामागे काय असते, जेवताना घाई का करू नये, असे रोजच्या घरातले प्रश्न या मासिकाने मराठी पालकांपुढे मांडले. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’ ही ताराबाईंची पुस्तकेही पालकांशीच बोलतात. शाळा सुधारायची तर आधी घर बदलले पाहिजे, हे त्यांनी पक्के ओळखले होते.

1936 मध्ये ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला. मराठी मध्यमवर्गाला बालमंदिराची ओळख झाली ती मुख्यतः इथे. खुद्द माँटेसरी 1939 मध्ये भारतात आल्या, महायुद्धामुळे 1946 पर्यंत इथेच राहिल्या आणि देशभरातील शिक्षकांना त्यांनी प्रशिक्षण दिले. पण एक अडचण उरलीच होती. लाकडाची रेखीव साधने महाग होती आणि बालमंदिरे शहरांतल्या खात्यापित्या घरांपुरती राहिली होती. ज्या पद्धतीचा उगम कामगार वस्तीत झाला, ती गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचतच नव्हती. ताराबाईंना ही गोष्ट सतत खुपत होती.

बोर्डी आणि कोसबाड

1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. आचार्य भिसे यांच्या शैक्षणिक कार्यामुळे बोर्डी हे गाव आधीच शिक्षणासाठी ओळखले जात होते. याच वर्षी बोरिवलीच्या कस्तुरबा शिबिरात ताराबाईंना अनुताई वाघ भेटल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि सहा महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. त्यानंतर जिद्दीने शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. ताराबाईंची हाक ऐकून त्या बोर्डीला गेल्या आणि 1992 मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत याच कामात राहिल्या.

बोर्डीत पहिलाच धडा मुलांनी दिला. गावातील बालवाडीत दलित वस्तीतील मुले येईनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते, कोणाच्या अंगावर धड कपडा नव्हता, आणि जातीची भिंत होतीच. दुसऱ्या कोणी पालकांना दोष दिला असता. ताराबाई आणि अनुताईंनी बालवाडीच उचलून त्या वस्तीत नेली आणि एका घरापुढच्या अंगणात भरवली. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे तत्त्व इथे पक्के झाले. अंगणवाडी जन्मली ती अशी.

तिथला दिवस अक्षरांनी सुरू होत नसे. आधी मुलांची तोंडे धुवायची, नखे कापायची, केस विंचरायचे, गरज असेल त्याला आंघोळ घालायची. स्वच्छता हाच पहिला पाठ होता आणि आपले अंग आपण नीट ठेवू शकतो, या जाणिवेतून मुलाचा आत्मविश्वास वाढे. त्यानंतर मुले मोकळी होत. विकतची साधने परवडणारी नव्हती, म्हणून परिसरच साधनांचे कपाट झाला. समुद्रकाठचे शंख-शिंपले लहान-मोठ्या क्रमाने लावायचे, चिंचोके मोजायचे, वेगवेगळ्या बिया निवडून वेगळ्या करायच्या, पानांच्या कडा बोटांनी चाचपून सारख्या पानांच्या जोड्या लावायच्या, काड्या, खडे आणि माती यांतून आकार करायचे. माँटेसरींच्या दट्ट्यांमधून जे साधायचे ते इथे गोट्यांमधून आणि बियांमधून साधले. चार वर्षांच्या वारली मुलाला झाडापानांची जी ओळख उपजत असे, ती शहरातल्या शिक्षकालाही नसे. इथे ती ओळख मागासपणा न ठरता शिकण्याचे भांडवल ठरली.

1956-57 च्या सुमारास केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. भोवती वारली पाडे होते. मोठी मुले गुरे राखायला जात आणि शाळेच्या वेळेला ती रानात असत. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली: गुरे चरत असतील त्या माळावर शिक्षक जाई आणि गुरांवर लक्ष ठेवत मुले शिकत. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणण्यात आल्या. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. या एकत्रित रचनेला विकासवाडी म्हणत. मुलीला शाळेत आणायचे तर तिच्या कडेवरच्या बाळाचीही सोय करावी लागते, हे शहाणपण कोसबाडने प्रत्यक्ष अनुभवातून मिळवले.

कोसबाडच्या पद्धतीत मोकळीक होती, पण दुर्लक्ष नव्हते. कोणते मूल आज गप्प आहे, कोण एकाच खेळाकडे पुन्हा पुन्हा वळते, कोणाला ताप आहे, यावर शिक्षिकेची नजर असे. मुलाने निवड करायची, पण निवडण्याजोगे काही समोर मांडणे हे मोठ्यांचे काम. या कामासाठी गावातल्याच बायकांना बालसेविका म्हणून तयार केले गेले. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. ताराबाई 1973 मध्ये गेल्या. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मचरित्रात ही सारी वाटचाल लिहून ठेवली आहे.

कारखान्यांचा पट्टा

जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूला याच दशकांत निराळे जग आकाराला येत होते. शिलाहारांच्या काळात, अकराव्या शतकात बांधलेल्या शिवमंदिरामुळे ओळखले जाणारे अंबरनाथ रेल्वेमुळे उद्योगाचे गाव झाले. 1923 मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विम्कोचा, आगपेट्यांचा कारखाना इथे आला. पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आणि तिची वसाहत आली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि 1949 मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तिथे घरे हेच कारखाने होते. पापड लाटण्यापासून शिवणकामापर्यंत सारे कुटुंब कामाला लागे. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर अंबरनाथ आणि बदलापूर येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. रसायने, औषधे, यंत्रांचे सुटे भाग यांचे कारखाने आले आणि त्यांच्यामागून राज्यभरातून, पुढे देशभरातून, कामगार आले.

गाव सोडून आलेल्या या कुटुंबांमागे आजी-आजोबा नव्हते, अंगण नव्हते, शेजारही नवा होता. आई आणि बाप दोघेही पाळीवर गेले की मूल कोणाजवळ राहणार, हा सान लोरेन्झोचा प्रश्न इथे जसाच्या तसा उभा राहिला. कायद्याने त्याची दखल घेतली होती. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 48 ने 50 हून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यावर त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर चालवण्याचे बंधन घातले. 1976 च्या दुरुस्तीने ही मर्यादा 30 वर आली. हवेशीर, उजेडाची, स्वच्छ खोली आणि मुलांच्या संगोपनाचे प्रशिक्षण घेतलेली बाई असावी, असे हा कायदा 2025 पर्यंत सांगत होता. 2017 मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली.

या तरतुदींची मर्यादा त्यांच्या आकड्यांतच आहे. औद्योगिक वसाहतीतील छोटे कारखाने या संख्येच्या आत राहतात आणि घरी बसून नगावर काम करणाऱ्या बाईला तर कोणत्याही आस्थापनेचे पाळणाघर लागू होत नाही. शिवाय कायदा मूल सांभाळण्याची सोय पाहतो. त्या खोलीत मुलाने दिवसभर काय करावे, याबद्दल तो फारसे बोलत नाही. कोसबाडने पाळणाघर आणि बालवाडी एकत्र का आणली, याचे महत्त्व इथे कळते. सांभाळणे आणि शिकणे हे लहान मुलाच्या बाबतीत एकच काम आहे. 1969 मध्ये दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी सुरू केलेली आणि पुढे मुंबईत आलेली मोबाइल क्रेशेस ही संस्थाही याच समजुतीवर उभी राहिली: आई जिथे काम करते तिथेच मुलाचे घर, दवाखाना आणि शाळा.

अंगणवाडीचा विस्तार

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने 33 प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांसाठी आहार-आरोग्याचे शिक्षण आणि तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा तिथे एकत्र आल्या. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरच्या वस्त्यांतही सेविका आणि मदतनीस यांच्या खांद्यावर ही व्यवस्था उभी आहे. बोर्डीच्या एका अंगणातली कल्पना देशव्यापी झाली, ही मराठी समाजाने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. विस्तारात मात्र काही हरवलेही. वजन-उंचीच्या नोंदी, आहारवाटप आणि सर्वेक्षणे यांच्या भाराखाली शिक्षण हा सहावा भाग मागे पडला. सेविकेला पुरेसा वेळ, मानधन आणि जागा मिळाली तरच खेळातून शिकणे पुन्हा मध्यभागी येईल.

दुसऱ्या बाजूने इंग्रजी माध्यमाच्या ज्युनिअर आणि सीनियर केजीचे लोण आले. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल आणि घरचा अभ्यास आला. 1993 च्या यशपाल समितीने बालवर्गाच्या प्रवेशासाठी परीक्षा आणि मुलाखती बंद कराव्यात, असे स्पष्ट सांगितले होते. त्याआधीच काही शाळांनी ताराबाईंची वाट प्राथमिक वर्गांत पुढे नेली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले. मॅक्सीन बर्नसन यांच्या पुढाकाराने फलटणला कमला निंबकर बालभवन 1986 मध्ये उभे राहिले. अनुताईंच्या सहभागाने आणि रमेश पानसे यांच्या नेतृत्वाखाली ग्राममंगल संस्थेने डहाणूच्याच आदिवासी भागात काम केले.

साधनांच्या बाबतीत अरविंद गुप्ता यांचे काम कोसबाडच्या बियांशी आणि शिंपल्यांशी नाते सांगते. पुण्यात अभियंता असलेले गुप्ता 1978 मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे त्यांनी आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून खेळणी बनवली. नळीचे छोटे तुकडे करून त्यांत काड्यांची टोके खोवली की सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आपला आकार सोडत नाही; चार काड्यांचा चौकोन बोटाच्या धक्क्याने कलतो. त्यात एक तिरपी काडी घातली की तो ताठ उभा राहतो. पुलाच्या आणि शेडच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे मुलाला कोणी न सांगता हातातून कळते. जिथे आगकाड्या तयार झाल्या आणि जिथे लोखंडी कैच्यांच्या छपराखाली आईबाप काम करतात, त्या अंबरनाथच्या मुलांसाठी याहून जवळचा भूमितीचा पाठ नाही.

शाळेबाहेरचे शिक्षण

घरीच शिकण्याची आधुनिक चळवळ अमेरिकेत जॉन होल्ट यांच्या लिखाणातून वाढली. 1977 मध्ये त्यांनी शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी नियतकालिक काढले. महाराष्ट्रात मुंबई-पुण्याच्या परिसरातील काही कुटुंबांनी ही वाट धरली. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. तो 6 ते 14 या वयाला लागू आहे. त्यातील कलम 10 मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानते, मात्र तसे न केल्यास पालकाला शिक्षा सांगत नाही. सहा वर्षांखालील मुलाला घरी वाढवण्यात कायद्याची कसलीच आडकाठी नाही. पुढे प्रमाणपत्र लागते तेव्हा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा उपयोगी पडतात. 1979 मध्ये प्रकल्प म्हणून सुरू होऊन 1989 मध्ये स्वतंत्र झालेली ही संस्था तिसरी, पाचवी व आठवीच्या समकक्ष पातळ्यांपासून दहावी-बारावीपर्यंत परीक्षा घेते. राज्य मंडळाच्या दहावीला खासगीरीत्या बसण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म ही तर मराठी घरांना जुनी ओळखीची सोय आहे.

घरी शिकवणे सगळ्यांना शक्य नाही. त्यासाठी घरात एका मोठ्या माणसाचा वेळ मोकळा असावा लागतो, आणि दोन पगारांवर चालणाऱ्या कामगार कुटुंबाकडे तोच नसतो. शाळेबाहेर राहिलेले मूल आणि शाळेविना शिकणारे मूल यांत फरक करणेही आवश्यक आहे. घरच्या कामात हौसेने हात घालणारे मूल शिकत असते. तेच काम नगावर पैसे मिळवण्यासाठी करावे लागले की ती बालमजुरी होते. म्हणून गरीब वस्तीत शाळेचा आणि अंगणवाडीचा हक्क ठामपणे राखावाच लागतो, आणि मुलाच्या कलाने शिकणे त्या हक्काच्या आत आणावे लागते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 हे वय पायाभूत टप्पा मानून खेळ, कृती आणि घरची भाषा यांवर भर दिला आहे. ताराबाई आणि अनुताईंनी हे काम 1945 मध्येच, कोणत्याही धोरणाच्या पाठबळाविना सुरू केले होते. त्यांनी घालून दिलेल्या अटी आजही तितक्याच लागू आहेत: मूल असेल तिथे जाणे, त्याच्या हाताशी असलेल्या वस्तूंतून साधने करणे, त्याच्या धाकट्या भावंडाची आणि पोटाची सोय आधी पाहणे आणि शिकवण्याआधी त्याचे निरीक्षण करणे. या अटी घरातल्या आईबापांना जितक्या पाळता येतात, तितक्याच कारखान्यातल्या पाळणाघराला आणि वस्तीतल्या अंगणवाडीलाही पाळता येतात.